खेडची लढाई आणि आपल्या गावांतील दुफळी

(वारूळवाडी येथे केलेले भाषण)



गेल्या आठवड्यात आम्ही चार मंडळी पुणे रस्त्याने खेडास जाऊन आलो. खेड म्हणजे हुतात्मा राजगुरूंचे गाव; आता त्यास राजगुरुनगरच म्हणतात. भीमेकाठचा त्यांचा वाडा पाहण्यास पुष्कळ लोक येतात. आम्ही मात्र त्याहून जुनी जागा शोधीत होतो. १७०७ च्या ऑक्टोबरात याच खेडच्या रानात मराठ्यांची फौज मराठ्यांच्याच फौजेसमोर उभी राहिली होती. कांदे लावीत असलेल्या एका शेतकरीदादास आम्ही विचारले, "लढाई कोठे झाली?" तो म्हणाला, "कोणाची?" त्याचा प्रश्न आम्हांस रास्त वाटला.

कोणाची ते ऐका. औरंगजेब १७०७ त मेला. संभाजीराजांचे पुत्र शाहू १६८९ पासून मोगलांच्या कैदेत होते. त्यांस त्याच साली सोडून देण्यात आले. हे काही दयेने नव्हे. इकडे ताराबाई १७०० पासून आपल्या मुलाच्या नावे राज्य राखून होत्या, आणि त्या बाईने औरंगजेबास शेवटपर्यंत दाद दिली नव्हती. एका राज्याला दोन धनी झाले म्हणजे हे आपसांत लढतील, हा मोगलांचा हिशेब. आणि तो चुकला नाही.

ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंस अडविण्यास खेडास आले आणि शाहूंनाच मिळाले. त्यांचे सेनापतिपद कायम राहिले. मोठ्यांचे असे आतून जुळते. पण त्याआधी वाटेत पारद गावी काय झाले? तेथील लोखंडे पाटलाने शाहूंच्या फौजेस विरोध केला व तो चकमकीत पडला. त्याच्या विधवेने आपले पोर शाहूंच्या पायांवर घातले. शाहूंनी ते पदरी घेतले व फत्तेसिंग नाव ठेवले. अक्कलकोटचे घराणे त्याचेच. एका पोराचे नशीब उघडले खरे, पण पडलेल्या बाकीच्यांच्या घरी कोण गेले?

पुढे सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या, आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने ती वाटणी पक्की झाली. त्याच कोल्हापूरच्या गादीवरून राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी हुकूम काढला की, रिकाम्या होणाऱ्या शंभरांतील पन्नास जागा मागासलेल्या वर्गांस द्याव्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग तेवढे वगळले. म्हणजे मराठा, माळी, धनगर, सुतार, न्हावी, महार एकाच यादीत होते!

आज त्याच यादीतली माणसे समोरासमोर उभी आहेत. २०२३ पासून आरक्षणाच्या वादाने गावेच्या गावे दुभंगली. मराठ्यांचे मागणे किती खरे, ओबीसींची भीती किती खरी, याचा निवाडा कायद्याने होवो. आमच्या मते दोन्हींत खरेपणा आहे, कारण दोन्हीकडे शेती पुरत नाही आणि शिकलेला पोरगा घरी बसून आहे. जागा मुळात इतक्या थोड्या का, हे मात्र कोणी सरकारास विचारीत नाही. अमक्याच्या दुकानी माल घेऊ नका, तमक्या न्हाव्याकडे दाढी करू नका, असे काही गावांत तोंडी ठरल्याचे आम्ही ऐकतो. त्यात पुढाऱ्याचे काय जाते? जाते ते न्हाव्याची रोजची कमाई आणि पाटलाच्या घरचा जुना शेजार.

अशा कोणत्याही गावच्या दोन्ही बाजूंच्या चार माणसांनी आम्हांस एकत्र बोलवावे. आम्ही पदरची भाकरी बांधून येऊ.