बदलीवरची बाई

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



विषय जाहीर झाला तेव्हाच मागच्या रांगेतून आवाज आला, "ख्रिस्ती बायांनी पाद्री व्हावं का न व्हावं, आपल्याला काय करायचंय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर बोलण्यात सापडलं तर घ्या, नाही तर शेवटी चहा आहेच.

आधी शब्द बघू. मास्तराची बायको मास्तरीण, पाटलाची पाटलीण, तशी पाद्र्याची पाद्रीण. नगरकडच्या ख्रिस्ती वस्तीत पाद्रीणबाई म्हटलं की पाद्र्याची बायको, तिनं स्वतः काही केलेलं असो नसो. पण जी स्वतः दीक्षा घेते, वेदीमागं उभी राहते, भाकर मोडून देते, पोराला बाप्तिस्मा देते, तिला काय म्हणायचं? आपल्या भाषेनं तिच्यासाठी जागाच ठेवली नाही. कायतरी जुळवून घ्यावं लागतं.

बाहेरून आपल्याला सगळे ख्रिस्ती एकच दिसतात. क्रूस, नाताळ, पांढरा झगा. आत डोकावलं की कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट, पेंटेकोस्टल. पुस्तक एक, दारं शंभर, प्रत्येक दारावर वेगळा राखणदार. बाई दारात आली की कोण कुठलं कुलूप काढतो ते बघण्यासारखं आहे.

कॅथलिकांचं कुलूप सगळ्यात पक्कं. त्यांच्या धर्मकायद्याचं १०२४ वं कलम पुरुषालाच दीक्षा मिळू शकते असं सांगतं. १९९४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी पत्र काढलं, की बायांना धर्मगुरू करायचा अधिकार चर्चलाच नाही आणि हा विषय इथं संपला. बघा हं, "करणार नाही" असं ते म्हणत नाहीत, "आमच्या हातात नाही" म्हणतात. हापिसातला कारकून फाईल सरकवताना बोलतो त्यातलंच. कारण काय, तर येशूनं निवडलेले बारा प्रेषित पुरुष होते, आणि मिस्सेच्या वेळी धर्मगुरू येशूच्या जागी उभा असतो. कॅथलिक म्हणतील, यात बाईचा अपमान नाही, मरियेला आम्ही साऱ्या प्रेषितांच्या वर मानतो. मानता, कबूल. पण ते बारा जण यहुदी होते, त्यातले काही कोळी होते. आज कुठल्या धर्मगुरूला कोणी विचारत नाही, बाबा तू यहुदी आहेस का, तुला जाळं टाकता येतं का. बाराजणांच्या अंगावरच्या सगळ्या खुणा पुसल्या, एकच ठेवली.

ऑर्थोडॉक्सांचं थोडक्यात सांगतो. परंपरेत नाही म्हणून आज नाही. डीकनबाया मात्र जुन्या काळी त्यांच्यात होत्या, आणि २०२४ साली अलेक्झांड्रियाच्या चर्चनं झिंबाब्वेत एका बाईला डीकनची दीक्षा दिली. एवढंच.

प्रॉटेस्टंटांची गंमत न्यारी. ल्यूथरनं सोळाव्या शतकात पोपच्या तोंडावर सांगितलं, प्रत्येक श्रद्धावान माणूस याजकच आहे. प्रत्येक म्हंजे प्रत्येक ना? तर तिथं पौल आडवा येतो. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात बाईनं शिकवू नये म्हणतो, करिंथकरांना लिहिताना बाईनं मंडळीत गप्प राहावं म्हणतो. आणि हाच पौल गलतीकरांना सांगतो, ख्रिस्तात आल्यावर मालक-गुलाम हा भेद उरत नाही, बाई-पुरुष हाही उरत नाही. रोमकरांच्या पत्राच्या शेवटी तो फिबी नावाच्या बाईची शिफारस करतो. मूळ ग्रीकमध्ये तिला डायकोनोस म्हणतो. हाच शब्द पुरुषाला लागला की त्याचा हुद्दा होतो, मराठीत फिबीची मात्र सेविका झाली. थोडं पुढं युनिया नावाची बाई आहे, प्रेषितांत नावाजलेली. चौथ्या शतकातल्या क्रिसोस्तमला ती बाई आहे यात शंका नव्हती, त्यानं तिचं कौतुक केलंय. विसाव्या शतकातल्या कित्येक भाषांतरांनी तिला युनियास केलं. शेवटी एक 'स' चिकटवला, बाईचा बुवा झाला!

आता फरक कसा पडतो बघा. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी २००० साली आपल्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात लिहून टाकलं की पाळक पुरुषच असेल. २०२३ साली कॅलिफोर्नियातलं सॅडलबॅक हे त्यांचं अवाढव्य चर्च बाई पाळक नेमली म्हणून बाहेर काढलं. तिकडं इंग्लंडातल्या बॅप्टिस्टांत १९२० च्या दशकापासून बाया पाळक आहेत. नाव तेच, पुस्तक तेच, पौलही तोच. मग एकीकडं आत आणि एकीकडं बाहेर कसं? माझ्या मॅट्रिकच्या डोक्याला एवढंच कळतं, की वचन आधी आणि निर्णय मागून असं कुठंच झालेलं दिसत नाही. निर्णय आधी होतो, मग वचन शोधतात.

आणि निर्णय कधी होतो, ते मला गोदीतनं कळलं. तिथं कायमचा माणूस आला नाही की गेटवरनं बदली उचलतात. पोतं तेच, पाठ तीच दुखते, मुकादमाच्या शिव्या त्याच. पण कार्ड नाही. कायमचा परत आला की बदली घरी. काल याला जमत होतं का, असं कोणी विचारत नाही. चर्चचा इतिहास वाचायला घेतला आणि पानापानावर मला बदलीच दिसायला लागली.

हाँगकाँगची ली टिम-ओई. जन्म १९०७ चा. टिम-ओई नावात 'लाडकी' असा अर्थ आहे, पोरगी झाली तर बापानं तोंड वाकडं केलं नाही. अँग्लिकन चर्चनं १९४१ साली तिला डीकन केलं आणि पोर्तुगिजांच्या मकावला पाठवलं. मकाव युद्धात नव्हतं, म्हणून जपान्यांपुढं पळालेली माणसं तिथं लोटलेली. उपाशी, आजारी. ही त्यांना पुरत होती, त्यांची लग्नं लावत होती, पोरांना बाप्तिस्मा देत होती. प्रभुभोजन मात्र देता येत नव्हतं, ते काम पाद्र्याचं. आणि हाँगकाँगवर जपान्यांचा ताबा, पाद्री येणार कुठनं? बिशप रोनाल्ड हॉलनं आधी तिला तशीच परवानगी दिली. मग २५ जानेवारी १९४४ ला चीनमध्ये, जपान्यांच्या ताब्याबाहेरच्या मुलखात तिला गाठून रीतसर दीक्षाच दिली. अख्ख्या अँग्लिकन जगातली पहिली बाई.

युद्ध संपलं. पुरुष परत आले. आता लंडनला आठवलं की अरे, ही बाई आहे! हॉलवर दबाव आला. हॉलची खुर्ची जाऊ नये म्हणून १९४६ साली तिनं आपला परवाना परत केला. दीक्षा मात्र सोडली नाही. कागद देते, देवानं दिलेलं देत नाही, असा तो हिशेब. पुढं चीनमध्ये चर्चं बंद पडली, तिला शेतावर राबवलं, कारखान्यात राबवलं. पंचवीस वर्षं गेली, तेव्हा १९७१ साली हाँगकाँगनं दोघींना रीतसर दीक्षा दिली. म्हातारी ली १९८० च्या दशकात कॅनडाला गेली आणि टोरांटोत पुन्हा पाद्री म्हणून उभी राहिली. १९९२ साली वारली.

दुसरी बदली कॅथलिकांची. होय, ज्यांच्या हातात अधिकारच नाही त्यांची. चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट राजवटीत धर्मगुरूंना तुरुंगात घालत होते. फेलिक्स डाव्हीडेक नावाचा धर्मगुरू चौदा वर्षं आत काढून आला. त्यानं पाहिलं की बायांच्या तुरुंगात मरणाऱ्या बाईजवळ शेवटचा संस्कार करायला कोणी नसतं. तो पुढं गुप्तपणे बिशप झाला आणि १९७० च्या डिसेंबरात ब्रनो शहरात त्यानं लुडमिला याव्होरोवा हिला चोरून दीक्षा दिली. राजवट पडली, चर्च उघड्यावर आलं, आणि रोमनं सांगितलं की ही दीक्षा झालीच नाही. संकटात चालली, शांततेत चालेना.

तिसरी गोष्ट आपल्याला जास्त टोचावी. फिलाडेल्फियात अठराव्या शतकाच्या शेवटी गोऱ्यांच्या चर्चमध्ये गुडघ्यावर बसलेल्या काळ्यांना प्रार्थना चालू असताना उठवलं. रिचर्ड ॲलन आणि त्याचे लोक बाहेर पडले, त्यांनी स्वतःचं चर्च बांधलं. त्या चर्चमध्ये १८०९ साली जरीना ली ही काळी बाई ॲलनकडं गेली, म्हणाली मला उपदेश करायची हाक आलीय. ॲलन म्हणाला, आपल्या नियमावलीत बायांसाठी तशी सोय नाही. ज्यांना गोऱ्यांनी उठवलं होतं, त्यांची नियमावली ही! दहा वर्षांनी एका सभेत उपदेशक बोलता बोलता अडकला. जरीना उठली आणि तिथनंच पुढं बोलायला लागली. ॲलन तिथं होता. त्यानं जाहीरपणे मान्य केलं की हिला हाक आहे. ती हजारो मैल फिरली, उपदेश केले, आत्मचरित्र लिहिलं. दीक्षा मेली तरी मिळाली नाही. त्या चर्चनं बायांना रीतसर दीक्षा द्यायला सुरुवात केली ती १९४८ साली. आपल्या सभांतल्या सतरंज्या कोण घालतं आणि माईक कोणाच्या हातात असतो, ते मी इथं बोलत नाही. समोर दिसतंय.

महाराष्ट्रात म्हणाल तर बायबलबाया घ्या. मिशनच्या काळात या बाया गावोगाव, घरोघर फिरल्या. गोरा पाद्री ज्या घराच्या उंबऱ्याबाहेर थांबायचा त्या घरात या चुलीपर्यंत जायच्या. गीतं शिकवायच्या, अक्षरं शिकवायच्या. रविवारी मात्र व्यासपीठ पाद्र्याचं. पंडिता रमाबाईंचं बघा. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. संस्कृत त्यांच्या जिभेवर. तिथं तरुण पुरुषांना शिकवायची गोष्ट निघाली तर मुंबई आणि लाहोरचे बिशप आडवे आले, हिंदुस्थानात हे बरं दिसणार नाही म्हणून. आपले त्यांच्याशी शंभर वाद असतील, पण सनातन्यांच्या हातनं सुटलेली बाई बिशपांच्या हातात सापडली ही गोष्ट खरी. रमाबाईंनी ऐकून घेतलं नाही, सडकून उत्तरं लिहिली, आणि पुढं केडगावला स्वतःचंच राज्य उभं केलं.

मग बदलीनं कार्ड मागितलं नाही, सरळ घेतलं, असं कधी झालं का? झालं. २९ जुलै १९७४, पुन्हा फिलाडेल्फिया. काळ्यांच्या वस्तीतलं चर्च ऑफ द ॲडव्होकेट. पाद्री पॉल वॉशिंग्टन, काळा माणूस. याच चर्चमध्ये १९६८ साली ब्लॅक पॉवरची परिषद भरली होती, १९७० साली ब्लॅक पँथर्सच्या अधिवेशनालाही यानंच दार उघडलं होतं. त्या दिवशी तिथं अकरा बायांना तीन बिशपांनी दीक्षा दिली. बिशप कसले, तर निवृत्त नाही तर राजीनामा दिलेले, ज्यांचं कोणी काही काढून घेऊ शकत नव्हतं असे. चर्चच्या वरच्या मंडळींनी पुढच्याच महिन्यात तातडीची बैठक घेऊन ही दीक्षा नाकारली. पण दोन वर्षांत त्यांच्याच महाअधिवेशनाला नियम बदलावा लागला.

यातली एक गोष्ट लोक सांगत नाहीत. त्या अकराही जणी गोऱ्या होत्या. जागा काळ्यांची, दीक्षा गोऱ्यांना. मिरवणुकीपुढं क्रूस घेऊन चालत होती ती त्या चर्चची बार्बरा हॅरिस, काळी, तेल कंपनीत नोकरी करणारी. तिची पाळी १९८० साली आली. १९८९ साली बोस्टनमध्ये ती अख्ख्या अँग्लिकन जगातली पहिली बाई बिशप झाली. जिवे मारायच्या धमक्या आल्या होत्या. पोलिसांनी गोळी अडवणारं जाकीट देऊ केलं, तिनं घातलं नाही.

आपल्याकडं १९४७ साली दक्षिणेतली आणि १९७० साली नागपुरात उत्तरेतली प्रॉटेस्टंट चर्चं एक झाली. दक्षिणेच्या चर्चनं २०१३ साली आंध्रातल्या नंद्यालला पुष्पा ललिता यांना बिशप केलं, उत्तरेच्या चर्चनं २०२४ साली ओडिशातल्या फुलबनीला व्हायोलेट नायक यांना. केरळातलं मार्थोमा चर्च अजून बायांना दीक्षा देत नाही, वसईच्या कॅथलिकांत तर प्रश्नच नाही.

कार्ड मिळालं म्हंजे सगळं मिळालं असंही समजू नका. इंग्लंडच्या चर्चनं १९९४ साली बायांना पाद्री केलं, २०१५ साली बिशप केलं, आणि २०२५ साली कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांची निवड झाली, आधी नर्स असलेली बाई, चौदाशे वर्षांत पहिली. पण त्याच चर्चमध्ये एखादी मंडळी ठराव करू शकते की आम्हाला बाई चालत नाही. मग त्यांच्यासाठी वेगळा पुरुष बिशप पाठवतात. हॉटेलातल्या वेगळ्या कपबशीची गोष्ट आपल्याला कोणी समजवायला नको.

शेवटी पॉली मरे. काळी वकील, आजी गुलामीत जन्मलेली. साठी उलटल्यावर १९७७ च्या जानेवारीत तिनं दीक्षा घेतली, तिच्या चर्चमधली पहिली काळी पाद्री. पुढच्याच महिन्यात ती नॉर्थ कॅरोलायनात चॅपल हिलला गेली. तिथल्या चॅपलमध्ये १८५४ साली तिच्या आजीला, कॉर्नेलियाला, मालकाची गुलाम पोर म्हणून बाप्तिस्मा दिला होता. त्याच चॅपलमध्ये पॉलीनं पहिल्यांदा भाकर मोडून दिली. वाचायला आजीचं बायबल आणलं होतं, आणि ते ठेवलं त्या लाकडी स्टँडवर आजीच्या मालकिणीचं नाव कोरलेलं होतं.