वाण्याची वही

पिढ्यान्‌पिढ्या लिहिली गेली, पण वाङ्मयात जिची गणना कधीच झाली नाही, अशी एक वही साऱ्या भारतात परिचयाची आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हळदकुंकवाने पुजली जाणारी ही वाण्याची वही. दोन शेर तांदूळ, पावशेर गोडेतेल, आण्याचा गूळ अशा तिच्यातल्या नोंदी. पण त्यांवरून कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या घरी बाळंतीण आहे आणि कोणाची चूल थंड पडत चालली आहे, हे दुकानदाराला निराळे सांगावे लागत नसे. हिशोबाची ही वही नकळत वस्तीची रोजनिशीही होती.

आता ती मिटत चालली आहे. तिच्याबरोबर काय जाते आणि तिच्यापासून माणसाची काय सुटका होते, ह्याचा जमाखर्च एकदा मांडून पाहण्यासारखा आहे.

ह्या वहीचे खरे बळ मुंबईच्या गिरणगावात दिसले. गिरणी कामगाराला पगार मिळे महिन्याने, आणि तोही काम झाल्यावर काही दिवस उलटल्यावर. पोट मात्र रोजचे. ह्या दोहोंमधले अंतर वाण्याची उधारी आणि खाणावळवाल्या बाईचे ताट भरून काढीत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचे वेतन थांबले. त्यानंतर अनेक बिऱ्हाडांत चूल पेटली ती उधारीवर आणि गावाकडून आलेल्या धान्यावर. संप लांबला तशी उधारीही आटली, कारण देणाऱ्याची झोळीही फार मोठी नव्हती. परंतु जोवर ती टिकली तोवर तिला तारण एकच होते, ते म्हणजे ओळख.

तथापि ह्या ओळखीचे गोडवे गाताना तिचा जाच विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल. उधारीवर घेणाऱ्याला भाव करता येत नसे. मापात घट आली तरी बोलण्याची सोय नसे, कारण पुढचा महिना त्याच उंबरठ्यावर काढायचा असे. घरातल्या बाईने मुलाला दुकानात पाठवावे आणि त्याने चारचौघांत ‘मागची बाकी आधी आण’ हे ऐकून रिकामी पिशवी घेऊन परतावे, हा प्रसंग गरिबाच्या घरी नवा नव्हता. ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरविले, त्यांना तर पायरीखाली उभे करून माल दुरून टाकला जाई. दुकानदार ओळखीचा होता, परंतु ही ओळख सर्वांना सारख्याच मायेने लाभत होती असे नाही.

म्हणूनच स्वातंत्र्योत्तर काळातल्या सुधारणांकडे केवळ व्यापारी बदल म्हणून पाहता येत नाही. १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली आणि गावोगावच्या निरनिराळ्या शेरांच्या जागी साऱ्या देशाचा एकच किलो आला. १९७७ च्या नियमांनी बंद पुडक्यावर वजन व किंमत छापणे बंधनकारक केले. निरक्षर ग्राहकालाही त्यामुळे दुसऱ्याकडून आकडा वाचून घेता येऊ लागला. दुसरीकडे मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ मध्ये ‘अपना बाजार’ ह्या सहकारी भांडाराची सुरुवात झाली, तर रुपयाच्या अवमूल्यनानंतर १९६६ मध्ये दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये ‘सुपर बझार’ उघडले. पुढे २००२ मध्ये ते बंद पडले. पण फळीवरची वस्तू ग्राहकाने आपल्या हाताने उचलावी, उलटसुलट पाहावी आणि नको असल्यास निमूट परत ठेवावी, हे स्वातंत्र्य अशा भांडारांनी सामान्य माणसाला दाखविले.

बाजार बदलला तसे घरही बदलले. एकेकाळी उन्हाळा म्हणजे वर्षाच्या बेगमीचा हंगाम. गहू उन्हे दाखवून कणगीत भरायचा, डाळींना तेलाचा हात लावायचा, आळीतल्या बायका जमवून पापड, कुरडया, सांडगे घालायचे. ह्या साऱ्याला घरात कोठीची खोली लागे आणि आळीत माणसे लागत. शहरातली जागा आखूड झाली, स्त्रिया नोकरीसाठी बाहेर पडल्या, पुडक्यांतला माल बारमाही मिळू लागला आणि कोठीची खोली घराच्या नकाशातून नाहीशी झाली. स्त्रीचे कष्ट कमी झाले हा निर्विवाद लाभ होय. पण पापड लाटताना मोकळी होणारी मने आता कोठे मोकळी व्हावीत, ह्या प्रश्नाला पुडक्यावर उत्तर छापलेले नसते.

ह्या प्रवासाचा पुढचा टप्पा दूरध्वनीच्या पडद्यावर आला. २०१६ मध्ये ‘यूपीआय’ ही पैसे पाठविण्याची पद्धत सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्याद्वारे एका महिन्यात होणाऱ्या व्यवहारांनी १००० कोटींचा आकडा ओलांडला. भाजीवालीच्या टोपलीलाही चौकोनी खुणेचे चित्र लटकू लागले. महानगरांत तर पडद्यावर बोट ठेवताच किराणा काही मिनिटांत दाराशी येतो. तो जेथून येतो ते कोठार ग्राहकाने पाहिलेले नसते, आणि आणून देणाऱ्या तरुणाचे नाव पिशवी हाती येताच पुसले जाते.

ह्या नव्या दुकानाला ग्राहकाची जात ठाऊक नसते, ते कोणाला पायरीखाली उभे करीत नाही, हा त्याचा मोठाच गुण. उधारी तेही देते, पण ओळखीवर नव्हे. मागच्या परतफेडीवरून काढलेला ३०० ते ९०० मधला एक आकडा कर्जदाराची पत सांगतो. हप्ता चुकला एवढे त्या आकड्याला कळते, गिरणी बंद पडली हे कळत नाही. वाणी बाकीसाठी बोलत असे, परंतु चार दिवस कोणी दुकानावर फिरकले नाही तर चौकशीही करीत असे. मुले परदेशी गेलेल्या एखाद्या वृद्धाची नेहमीची मागणी अचानक थांबली, तर यंत्र त्याला सवलतीचा संदेश पाठवील, त्याच्या दाराची कडी वाजविणार नाही.

तात्पर्य असे की, पूर्वी परिचय हा व्यापाराबरोबर आपोआप मिळत असे, मिठाच्या पुडीवरच्या दोऱ्यासारखा. आता माल येतो, दोरा येत नाही. तो हवा असेल तर समाजाला हाताने वळावा लागेल, आणि तो वळता येतो ह्याचे दाखले आहेत. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ बांधले. महिन्याचा माल एका घरी यावा आणि सर्वांनी मिळून तो वाटून घ्यावा, ही तिची रीत. तीत वाण्याचा जाच नव्हता, पण शेजार होता. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याच्या कित्येक गृहसंस्थांनी शेतकऱ्यांकडून एकत्रित भाजी मागविली, तेव्हा वर्षानुवर्षे एका जिन्यावरून जाणारी माणसे प्रथमच एकमेकांना नावाने ओळखू लागली. मालाची ने-आण करणाऱ्या तरुणांसाठी राजस्थानने २०२३ मध्ये नोंदणीचा आणि कल्याणनिधीचा कायदा केला. निनावी हाताला नाव देण्याचाच तो एक प्रयत्न होय.

वाण्याची वही परत येणार नाही, आणि तिच्यातला अपमान परत येऊही नये. पण तिच्यात एक नोंद अशी होती की जिला रकाना नव्हता. कोणत्या घरात कोण कसे आहे, ह्याची ती नोंद. ती ठेवण्याचे काम आता दुकानदाराकडून सुटले आहे. शेजाऱ्याने ते उचलले नाही, तर पावती बिनचूक येत राहील आणि माणूस मात्र हिशोबातून गळून जाईल.