बाळाचे नवे नाव



ज्युबिलीच्या प्रसंगी देवालय कोणी बांधिले, घंटा कोणी दिली, धर्मगुरू कोण कोण होऊन गेले, यांचे स्मरण होते, आणि ते यथायोग्यच आहे. आम्हांस मात्र स्नानसंस्काराच्या पहिल्या प्रश्नाविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत. पाणी, तेल, मेणबत्ती या सर्वांच्या आधी धर्मगुरू आईबापांस विचारतात की, या बाळाचे नाव काय ठेविले? त्या प्रश्नास अलीकडे जी उत्तरे मिळतात, त्यांवरून कित्येक घरांत रुसवेफुगवे होऊ लागले आहेत.

तरुण आईबापांस कोणाचेही नसलेले नाव हवे असते. म्हणून बापाच्या नावाची दोन अक्षरे आणि आईच्या नावाची दोन अक्षरे जोडून ते नाव घडवितात. बाप विल्सन आणि आई अनिता असली की कन्या विल्निता होते. दुसऱ्या खेपेस तीच अक्षरे उलटी फिरवून अनिविल सिद्ध होतो. (आईच्या वाट्यास बहुधा शेपटाचीच अक्षरे येतात, हेही आमच्या ध्यानात आले आहे.) इकडे आजोबांचे नाव नातवास देण्याची चाल ज्यांनी पाळली, ते वडील माणूस म्हणते, आपल्या कुळात असले नाव कोणाचे आहे?

हाच प्रश्न संत लूकच्या शुभवर्तमानात आप्तेष्टांनी एलिझाबेथला विचारिला होता. आठव्या दिवशी जमलेली मंडळी बाळास बापाचे, म्हणजे जखऱ्याचे नाव देऊ लागली; आईने योहान हे नाव सांगताच, तुझ्या नातलगांत या नावाचा कोणीही नाही, असा आक्षेप त्यांनी घेतला. मुक्या झालेल्या बापाने पाटी मागवून आईचेच म्हणणे खरे केले. तेव्हा कुळात नाही एवढ्याच कारणाने नाव त्याज्य ठरविणे हे काही शास्त्राला धरून नाही. परंतु योहान या नावाला अर्थ होता. देव कृपाळू आहे, असे ते नाव म्हणते, आणि म्हातारपणी पुत्र लाभलेल्या त्या जोडप्यास याहून खरे नाव सापडले नसते.

पवित्र सभेला नव्या नावाचे भय कधीच वाटले नाही. आफ्रिकेतील प्राचीन ख्रिस्ती लोकांची नावे पाहा. संत ऑगस्टिनचा पुत्र आदेओदातुस, म्हणजे आपल्या भाषेत देवदत्त. सन ३८७ मध्ये मिलान येथे पितापुत्रांनी संत अंब्रोजच्या हस्ते एकाच रात्री बाप्तिस्मा घेतला. कार्थेज नगरीच्या एका बिशपांचे नाव क्वोदवुल्तदेउस, म्हणजे देवाची इच्छा असेल ते. सन ४३९ मध्ये वांडाल लोकांनी नगर जिंकून त्यांस इतर धर्मगुरूंसह मोडक्या नावांत बसवून समुद्रात लोटले, आणि देवाच्या इच्छेने ते नेपल्सच्या किनाऱ्यास लागले. त्यांच्यामागून झालेले बिशप देओग्रातियास, म्हणजे देवाचे आभार. सन ४५५ मध्ये रोम लुटून आणलेले बंदिवान कार्थेजच्या धक्क्यावर उतरले, तेव्हा या पुरुषाने देवालयाची सोन्यारुप्याची पात्रे विकून त्यांची सुटका केली. ही नावे आज ऐकणाऱ्यास विचित्र वाटतील; पण ज्याला अशी हाक मारीत, त्याला आपल्या नावाचा अर्थ ठाऊक असे.

आपल्या घरोघरी असलेली नावे तरी एके काळी जुनी थोडीच होती? असिसीच्या संताचा बाप्तिस्मा जोव्हानी या नावाने झाला होता. कापडाचा व्यापारी असलेला त्याचा बाप फ्रान्सहून परतला आणि त्याने आवडीने पोराला फ्रान्सेस्को, म्हणजे फ्रेंच माणूस, म्हणावयास आरंभ केला. त्या काळी हे नाव विरळाच होते. पुढे त्या नावाचा मान इतका वाढला की सन २०१३ मध्ये प्रथमच एका पोपने ते धारण केले. झेवियर हे तर मुळी माणसाचे नावच नव्हे. नवार प्रांतातील ज्या गढीत संत फ्रान्सिस झेवियरचा जन्म झाला, त्या स्थळाचे ते नाव, आणि बास्क भाषेत त्याचा अर्थ नवे घर. संताच्या पुण्याईने एका घराचे नाव आपल्या पोरांचे झाले.

आपल्या देशातीलच उदाहरण हवे असेल तर नीलकंठ पिल्ले यांचे घ्यावे. त्रावणकोर दरबारच्या या गृहस्थांनी सन १७४५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लाझार या नावाचा अर्थ तमिळात उतरवून त्यांस देवसहायम म्हटले गेले. सन १७५२ मध्ये त्यांनी रक्तसाक्ष दिली आणि सन २०२२ मध्ये ते संतपदी आरूढ झाले. आपल्या वसई-सालसेतच्या वाडवडिलांनीही नावे जशीच्या तशी ठेविली नाहीत. सेबास्तियांवचा बस्त्याव, इनासियोचा इनास, पास्कोआलचा पास्कू त्यांनी जिभेवर घोळवून आपलासा करून घेतला.

मग विल्नितेस काय उणे? उणे हे की पोर सहा-सात वर्षांचे होऊन, माझ्या नावाचा अर्थ काय, माझा संत कोण, माझा नामदिन केव्हा, असे विचारील, तेव्हा आईबापांपाशी सांगावयास आपल्याच दोन नावांखेरीज काही नसते. ते नाव आईबापांचे आहे. बाळाचे त्यात काही नाही. शिवाय आजीच्या तोंडी ते बसत नाही, म्हणून घरात बेबी किंवा बाबा हेच चालते आणि घडविलेले नाव कागदावर राहते.

सन १९१७ च्या धर्मकायद्याने धर्मगुरूंस सांगितले होते की, आईबाप ख्रिस्ती नाव देण्यास राजी नसतील तर त्यांनी दिलेल्या नावाला एका संताचे नाव जोडावे आणि दोन्ही नावे वहीत लिहावीत. सन १९८३ चा कायदा याहून सौम्य आहे. ख्रिस्ती भावनेस परके असे नाव देऊ नये, एवढेच तो बजावतो, आणि ती काळजी आईबाप, धर्ममातापिता व धर्मगुरू या तिघांवरही सोपवितो. जुनी तोड अजूनही उपयोगी आहे, असे आमचे मत आहे. कन्या विल्निताच हवी असेल तर विल्निता मोनिका असू द्या. किंवा देवदत्त, करुणा, कृपा, आनंद या आपल्या शब्दांकडे वळा. त्यांत नवेपणही आहे आणि सांगण्याजोगा अर्थही. आजीआजोबांचाही सल्ला एकदा घ्यावा. त्यांचा राग पुष्कळदा नावावर नसून न विचारल्याचा असतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. नगरपालिकेच्या नोंदीत एक अक्षर, बाप्तिस्म्याच्या वहीत दुसरे आणि शाळेत तिसरे, असे घडविलेल्या नावांच्या बाबतीत फार होते, कारण ते कसे लिहावे हे आईबापांवाचून कोणासच ठाऊक नसते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांस शाळाप्रवेशापासून पासपोर्टापर्यंत जन्मदाखलाच प्रमाण धरिला जातो; आणि विवाहाच्या वेळी बाप्तिस्म्याचा दाखला पुन्हा मागविला जातो. तेव्हा स्नानसंस्काराकरिता येताना जन्मदाखल्याची प्रत बरोबर आणावी, नाव स्वच्छ अक्षरांत कागदावर लिहून द्यावे, आणि वहीत ते तसेच उतरले आहे की नाही हे धर्ममातापित्यांनी निघण्यापूर्वी वाचून पाहावे.