बाकी किती द्याल?
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



पाच मिनिटंच मिळालीत, म्हणून एकाच विषयावर बोलते. मी दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिते. त्यामुळे सुपरमार्केटमध्ये कॅशिअरच्या मुलाखती चालू असताना मॅनेजरशेजारी बसायला अनेकदा मिळालं. आपल्याच वर्गातली एक मैत्रीण चाळिशीनंतर पहिल्यांदा नोकरी शोधतेय. तिने मला फोनवर विचारलं, "बारावी झालेय, अनुभव शून्य. मला कोण घेणार गं?" तिच्या परवानगीने, नाव न घेता, तिला दिलेलं उत्तर सांगते. आपल्यापैकी कुणाच्या मुलांनाही ते उपयोगी पडेल.

मुलाखत दहा-पंधरा मिनिटांची असते. पहिला प्रश्न बहुधा हिशेबाचा. बिल ४३७ रुपये, गिऱ्हाइकाने ५०० ची नोट आणि वर सुटे ३७ दिले. बाकी किती? सरळ शंभर. पण कितीतरी पदवीधर मुलं इथे कॅल्क्युलेटर शोधतात. सुटे नसतील तर वजाबाकी करत बसायचं नाही, चढत मोजायचं: ४३७ ला ३ घातले की ४४०, १० घातले की ४५०, आणखी ५० म्हणजे ५००. गिऱ्हाइकाच्या हातावर ६३ रुपये मोजूनच पडतात. बाईंनी घटवून घेतलेले तोंडी हिशेब ते हेच.

दुसरा प्रश्न भांडणाचा. गिऱ्हाईक म्हणतं ५०० दिले, तुम्ही म्हणता २०० दिले. इथे आवाज न चढवता सुपरवायझरला बोलवायचं आणि गल्ला मोजून घ्यायचा. म्हणूनच बाकी देईपर्यंत नोट गल्ल्यात टाकायची नाही, समोर ठेवायची. यूपीआयचे पैसे आले की नाही, ते गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर नाही, दुकानाच्या मशीनवर बघायचं.

बारकोडच्या १३ अंकांतला शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून काढलेला असतो. त्यामुळे वाचण्यात चूक झाली तर मशीनला बहुतेक वेळा कळतं. समोरचा माणूस चिडलाय की गोंधळलाय, हे मात्र कॅशिअरलाच ओळखावं लागतं.

आता "अनुभव शून्य" याबद्दल. या बाईने बारा वर्षं बचत गटाचा हिशेब ठेवलाय! मी तिला म्हटलं, तुझं पहिलं वाक्य हेच.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणतात. तेव्हा गप्प बसू नका. गल्ल्यात पैसे कमी भरले तर काय करता, हे विचारा. कामगाराचं म्हणणं ऐकून न घेता असे पैसे पगारातून कापायला कायद्याची परवानगी नाही. पाळी संपल्यावर गल्ला जुळवण्याचा वेळ कामाच्या तासांत धरता का, हेही विचारा. आणि बसायला स्टूल आहे का? हा प्रश्न क्षुल्लक नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देण्यासाठी कायद्यात बदल केला, तो दिवसभर उभं राहून पाय सुजणाऱ्या बायकांमुळेच.

पुढच्या आठवड्यात तिची मुलाखत आहे. ती आज या सभागृहात आहे. तिला शुभेच्छा द्या, पण "नुसती कॅशिअरचीच ना?" असं कुणी विचारू नका. दिवसभराची रोकड रात्री रुपयापर्यंत जुळवणं सोपं नसतं, हे मी शेजारी बसून पाहिलंय.