दोष रक्ताचा, घराण्याचा नव्हे



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. भाषणाची सवय नाही. पण घरी जे सोसले ते सांगावेसे वाटते.

पाच वर्षांपूर्वी माझी धाकटी जाऊ थकू लागली. पोटात डावीकडे जड वाटे. चिखलीस रक्त तपासले, तो पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या. डॉक्टरांनी मुंबईस टाटा रुग्णालयात धाडले. आम्ही शेगावहून गाडी धरली.

तेथे रक्ताची ‘फिश’ नावाची तपासणी झाली. माशाचा येथे काय संबंध, असे मला वाटले! मग तेथील एका ताईंनी समजावले. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. या आजारात नवव्या व बाविसाव्या गुणसूत्राची टोके तुटून एकमेकांना जोडली जातात. जणू दोन लुगड्यांचे पदर कापून अदलाबदलीने शिवावेत. ते ओळखण्यास डीएनएचे बारीक तुकडे वापरतात. एकास लाल, दुसऱ्यास हिरवा चमकणारा रंग लावतात. जो तो आपल्या जागी जाऊन चिकटतो. निरोगी पेशीत लाल व हिरवे ठिपके वेगळे दिसतात. अदलाबदल झाली असली की दोन्ही जवळ येऊन पिवळसर दिसतात. जावेच्या पेशींत तसेच दिसले.

ही अदलाबदल 1973 साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी ओळखली. चार मुलांची ही आई घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कापून जुळवीत असे!

गावी परतलो, तो कुजबुज सुरू. “रक्ताचा रोग लेकीत उतरणार,” म्हणून पुतणीची ठरलेली सोयरीक मोडली. खरे सांगते, मीही आरंभी जावेची ताटवाटी निराळी ठेवली होती. आज त्याची लाज वाटते.

पुढच्या खेपेस डॉक्टरांना स्पष्ट विचारले. ते म्हणाले, “हा बिघाड जन्मानंतर हाडांच्या मगजातील एका पेशीत होतो. तो आईकडून लेकरांत उतरत नाही, की शिवल्याने लागत नाही.” मोडलेली सोयरीक जुळली नाही. पुढे दुसरे स्थळ आले, त्यांना आम्ही सारे आधीच सांगितले. पुतणी आज सुखाने नांदते आहे.

जाऊ रोज इमॅटिनिबची गोळी घेते. हे औषध 2001 पासून निघाले आहे. ती न चुकता घ्यावी लागते. यंदा तिने कपाशीही वेचली.

भगिनींनो, कुणाच्या घरी असा आजार आला तर आधी डॉक्टरांना विचारा, मग बोला. आपल्या एका शब्दाने एखाद्या लेकीचे लग्न मोडते.