परसातल्या विहिरीची तपासणी

पावसाळ्यानंतर परसातली विहीर भरते, पाणी नितळ दिसतं. पण जंतू आणि नायट्रेट डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून वर्षातून एकदा तरी पाणी तपासून घ्याच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करा. जंतुतपासणीसाठी निर्जंतुक बाटली तिथूनच आणा. ती विसळू नका, तोंडाला बोट लावू नका. भरल्यावर थंड ठेवून 24 तासांच्या आत पोहोचवा. विहिरीत नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकली असेल, तर थांबा. निकाल फसवा येतो.

भारतीय मानकानुसार 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू मुळीच नसावा, नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंतच. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. ते जास्त निघालं, तर तान्ह्या बाळाला ते पाणी अजिबात देऊ नका.