परदेशी नांदणाऱ्या लेकी



अमेरिकेत जावई तिथला नागरिक असला, की लेकही आपोआप तिथली झाली, असे पुष्कळ आयांना वाटते. तसे नाही. ग्रीन कार्ड ही कायम राहण्याची परवानगी, नागरिकत्व निराळे. कार्ड मिळाल्यावर एरवी ५ वर्षे थांबावे लागते. नवरा ३ वर्षे नागरिक असून दोघे ३ वर्षे एकत्र नांदत असतील, तर ३ वर्षांनी अर्ज करता येतो. त्यांतले निदान १८ महिने ती तिथे राहिलेली हवी. सलग ६ महिन्यांहून अधिक बाहेर राहिल्यास अडचण येते. म्हणून लेकीला बाळंतपणाला धाराशिवला बोलावताना महिने मोजा. तिकडचे नागरिकत्व घेतले, की आपल्या १९५५ च्या कायद्याने इकडचे जाते. तो निर्णय मात्र तिचा तिने घ्यावा.